गाठ काही गप्प बसलेली नाही

सक्करदरा, नागपूर
गुरुवार, १२ मार्च

प्रिय जयाताई,

पत्र पाहून म्हणशील, ही काय बाप्पा, फोन सोडून चिठ्ठ्या लिहून राहिली! लिहिते आहे, कारण फोन तू ठेवून देतेस. गेल्या चार आठवड्यांत मी तुला अकरा वेळा लावला. मी मुद्द्यावर आले की तुझ्या कुकरची शिट्टी होते, नाहीतर दारात कोणीतरी उभं राहतं, नाहीतर भाऊजींना नेमका तेव्हाच चहा हवा असतो. सगळी आर्वी तुझ्याच दारावरून काहून जाते, देव जाणे. पत्राला शिट्टी होत नाही. फाडायचं असेल तर फाड, मी दुसरं लिहीन. ब्लाऊजच्या कटिंगचे खाकी कागद दुकानात ढीगभर पडले आहेत.

तर तू मला जे तोंडातून काढू देत नाहीस, तेच आधी लिहिते. तुझ्या डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, गाठ आहे. दिवाळीपासून आहे. ती कोणाला दाखवायची नाही, आठ मेला काजलचं लग्न लागू द्यायचं आणि नऊ मेला नागपूरला येऊन दाखवायची, असं तू ठरवलं आहेस. बघ, लिहिलं. छत जागच्या जागी आहे. मोहितचे बाबा समोर पेपर वाचत बसले आहेत आणि गल्लीत भाजीवाला ओरडतो आहे. शब्द लिहिल्यानं काही होत नाही गं. न लिहिल्यानं होतं.

बस्त्याच्या दिवशी आपण महालच्या बाजारातून परत आलो तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. सात दुकानं फिरून तुझ्या पायात गोळे आले होते, तरी आल्या आल्या तू पिशवीतून तो जुना शेंदरी ब्लाऊज काढून माझ्या मशीनवर ठेवलास आणि म्हणालीस, हा घे मापाचा. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षं मी बायकांचे ब्लाऊज शिवते आहे, आणि नवरीच्या आईचा, माझ्या सख्ख्या बहिणीचा, जुन्या मापावर शिवू? मग माझं नाक ते काय राहिलं? मी टेप घेऊन उठले तर तू हात वर करेनास. मी म्हटलं, काय वं, शाळेतली पोरगी आहेस का लाजायला? काखेखालून टेप घेताना तू श्वास आत ओढलास आणि माझ्या बोटांना ती लागली. कच्च्या बोराएवढी, टणक, जागची न हलणारी. तो मापाचा ब्लाऊज तू त्यासाठीच आणला होतास. तुला दवाखान्याची भीती नव्हती ताई, तुला माझ्या बोटांची भीती होती.

आणि मग तू माझा हात धरून काय म्हणालीस? "काजलची शपथ आहे तुले उत्तरे, कोणाजवळ बोलली तर." आईची नाही, तुझी स्वतःची नाही, काजलची! लहानपणी असंच करायचीस. चिंचेचे बुटुक चोरून तू खायचीस, वर मला आईची शपथ घालायचीस, आणि मी दिवसभर तुझ्या मागे मागे, "सुटली म्हण, सुटली म्हण" करत फिरायची. तू सुटली म्हणेपर्यंत मला जेवण जायचं नाही. त्या दिवशीही मी शपथ पाळली. तुला बसस्टँडवर सोडून आले आणि त्या शेंदरी ब्लाऊजवर डोकं ठेवून रडले. आज मी बावन्न वर्षांची आहे आणि तुझ्या शपथेनं अजून माझी भूक जाते, याचा मला स्वतःचाच राग येतो आहे.

तू म्हणशील, तू कोण मला शिकवणारी. बरोबर आहे. मी तरी काय दिवे लावले? चार वर्षांपूर्वी माझी गाठ मला श्रावणात लागली होती. मी काय केलं? दिवाळीचा सीझन संपू दे म्हटलं. दीडशे ब्लाऊज अंगावर होते, मोहितची फी होती, आणि खरं सांगायचं तर घाबरले होते. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून आहे, तर मी बेधडक सांगितलं, पंधरा दिवस. त्या बाईंनी माझी काख चाचपली. तोवर गाठ काखेत पोचली होती. श्रावणात गेले असते तर कदाचित आठ केमोच्या जागी चार लागल्या असत्या, कदाचित नसत्या. हे आता कोणी सांगू शकत नाही आणि मला ते जन्मभर माहीत होणार नाही. तू तेव्हा दीड महिना माझ्याकडे राहिलीस. ज्वारीची आंबील पाजलीस, उलटीची भांडी उचललीस, माझे गळलेले केस झाडूनं भरताना तोंड फिरवून रडलीस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण गल्लीत विचारणाऱ्या प्रत्येकीला तू काय सांगितलंस तेही विसरणार नाही. टायफॉइड! केस गेलेले सगळ्यांना दिसत होते, आणि टायफॉइडनं केस जातातच. काय डोकं चालवलंस माय! आता सगळं माहीत असूनही समोरची सिंधूताई मला चिडवून म्हणते, उत्तराबाई, टायफॉइड उलटला नाही ना?

ही युक्ती आपल्या घरची जुनी आहे. आईच्या वेळी टायफॉइड नव्हता, जलोदर होता. तू वीस वर्षांची होतीस, मी पंधराची. पोटात पाणी झालं म्हणून तिला दवाखान्यात आणलं, ते पाणी डॉक्टरांनी सुई घालून काढलं, आणि बाबांच्या हातातल्या कागदावर मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं: अंडाशयाचा कॅन्सर. बाबांनी कागद चौघडी घालून खिशात ठेवला आणि दवाखान्याच्या पायरीवर आपल्या दोघींना समोर उभं करून म्हणाले, कोणी विचारलं तर जलोदर सांगायचं, दोन पोरींची लग्नं आहेत मले. बाबा काही वाईट नव्हते. त्यांनी आपली लग्नं केली, चांगली केली. पण तू आणि मी, ताई, सदतीस वर्षांत एकमेकींजवळसुद्धा तो शब्द उच्चारला नाही. माझ्या फॉर्मवर रकाना होता, घरात कोणाला कॅन्सर होता का? मी लिहिलं, नाही. मला खोटं बोलायचंही नव्हतं गं. इतकी वर्षं जलोदर जलोदर म्हणून मला जलोदरच वाटायला लागला होता. नंतर केमोच्या खुर्चीवर बसल्या बसल्या एकदम आठवलं, सलाईन लागलेल्या हातानं नर्सला बोलावलं, फॉर्म मागवला, आणि नाही खोडून लिहिलं: आई, इंदुताई गणपतराव, अंडाशय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. अंडाशय आणि छाती, हे दोन्ही एका घरात निघालं तर पोरीबाळींनाही तपासून ठेवावं लागतं.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं लांबण लावलं, ती नीट वाच. माझ्या दुकानात हिमानी नावाची एक पोरगी येते, मागे मी तुला दाखवली होती, चष्म्याची, हळू बोलणारी. ती बायकांच्या कॅन्सरवर संशोधन करते, छातीच्या आणि गर्भाशय-अंडाशयाच्या. तिच्या अभ्यासासाठी मी दर तीन महिन्यांनी रक्त देते. एकदा मी विचारलं, बाई, एवढं रक्त नेऊन त्यात शोधतेस काय? ती माझ्या कटिंगच्या टेबलावर बसली आणि खडूनं काढून दाखवलं. आपल्या अंगातली प्रत्येक पेशी बारीक बारीक पुड्या बाहेर सोडत असते. भाऊजींच्या तंबाखूच्या खर्ऱ्याच्या नाही! इतक्या बारीक, की एका केसाच्या जाडीवर सातआठशे ओळीनं बसतील. त्यांना एक्सोसोम म्हणतात. त्या पुडीत त्या पेशीचा निरोप असतो, आणि ती रक्तातून जाऊन दुसऱ्या पेशीला तो पोचवते. चांगल्या पेशीही पाठवतात. पोटातलं बाळ आईला पाठवतं, आईच्या दुधातूनही त्या बाळाला जातात. काजलला तू अडीच वर्षं पाजलंस, त्यातही होत्या.

आणि कॅन्सरची पेशीही पाठवते ताई. दुसऱ्यांपेक्षा जास्त पाठवते. फुप्फुसाला, यकृताला, हाडाला निरोप धाडते की जागा करून ठेवा, आम्ही येतो आहोत. अंगात जे राखणदार असतात त्यांना गुंगी आणते. एका पेशीनं औषधाला दाद न द्यायची खुबी शोधली, की तीही पुडीत बांधून शेजारणीला देते. हे ऐकताना माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. हिमानी म्हणाली, अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात जे पाणी साठतं ना मावशी, ते या पुड्यांनी भरलेलं असतं. मला आईची ती बाटली आठवली, पिवळट पाण्याची, बाबांनी मोरीत ओतलेली. ते पाणी सगळं सांगत होतं, फक्त तेव्हा ते वाचता येणारं कोणी नव्हतं. आणि वाचता येत असतं तरी आपण जलोदरच म्हटलं असतं.

तुझं म्हणणं आहे ना, थांबू दोन महिने, काय बिघडतं, इतके दिवस काही झालं नाही. अगं, तू थांबली आहेस, ती थांबलेली नाही! तू तोंड दाबून बसली आहेस, गाठ काही गप्प बसलेली नाही. तू रुखवतासाठी कणकेचे सरगुंडे वळत असशील, पत्रिकांना हळदकुंकू लावत असशील, तेव्हाही ती पुड्या बांधते आहे आणि पाठवते आहे. तिला ना मुहूर्त कळतो ना आठ मे. हिमानीला मी नाव न घेता विचारलं, अशा एखाद्या बाईचं रक्त तू तपासशील का? तिनं खरं ते सांगितलं, म्हणून मला ती आवडते. म्हणाली, मावशी, हा अजून अभ्यास आहे, चाचणी नाही. एक दिवस रक्ताच्या थेंबावरून गाठ लागायच्या आधी सांगता येईल असं आम्हाला वाटतं, पण आज मी त्यावरून कोणाला हो-नाही सांगू शकत नाही. जिला गाठ हाताला लागते आहे, तिनं माझी वाट बघायची नाही. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईनं तुकडा, आणि लगेच. हे "लगेच" तिनं दोनदा म्हटलं. कदाचित तिला कळलं असावं मी कोणासाठी विचारते आहे ते. आणि कॅन्सर नसेलही, ताई. दहातल्या किती तरी गाठी साध्या निघतात. पण ते सुई सांगेल, तू आणि मी नाही.

हसायची एक गोष्ट सांगते, नाहीतर तू पत्र खाली ठेवशील. हिमानीला ज्यांना काहीच आजार नाही अशा बायकांचंही रक्त हवं होतं, जोडीला ताडून बघायला. मी दुकानातल्या नऊ जणी गोळा केल्या. पोट रिकामं हवं होतं, कारण तूपतेल खाल्लं की रक्ताचं पाणी दुधट होतं आणि त्यातून या पुड्या निवडता येत नाहीत. नेमका श्रावणी सोमवार. पोरीनं विचारलं, काही खाल्लं नाही ना? नऊच्या नऊ जणी मोठ्या रुबाबात म्हणाल्या, उपास आहे बाई आमचा! नऊच्या नऊ नळ्या ताकासारख्या. सगळ्या साबुदाण्याची खिचडी चेपून आल्या होत्या, वर शेंगदाण्याचा कूट आणि दोन चमचे तूप! हिमानीला रडावं की हसावं कळेना. आता मीच दारात उभी असते आणि एकेकीला विचारते, उपासाचं सोड, तोंडात काय गेलं ते सांग. पण त्या नऊ जणी पुढच्या मंगळवारी पुन्हा आल्या, खरोखर उपाशी. माझ्यासाठी आल्या. टायफॉइडवालीसाठी नाही, कॅन्सरवालीसाठी.

कारण मी सांगून टाकलं ना सगळ्यांना. ऑपरेशननंतर कापसाची गादी शिवून आत घालत होते दीड वर्ष, उन्हाळ्यात घामानं भिजून अंगाला टोचायची. एका संक्रांतीला काढून फेकली. एका बाजूनं सपाट असा ब्लाऊज स्वतःच्या मापानं शिवला, मोरपंखी, आणि हळदीकुंकवाला गेले. दोघीतिघींनी डोळे फिरवले. एक कोपऱ्यात नेऊन म्हणाली, माझंही झालं आहे, सासूलाही माहीत नाही, मला असा शिवून देशील? त्याच आठवड्यात दुकानावर पाटी लावली, ऑपरेशन झालेल्या बायकांचे ब्लाऊज मापानं शिवून मिळतील. ती पाटी पाहून तूच म्हणाली होतीस, "काहून घराण्याचं नाव बुडवून राहिली वं? झाकली मूठ सव्वा लाखाची." तुझी मूठ मला माहीत आहे. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हेही आपली आईच म्हणायची. आजवर एकशे सहा जणींचे शिवले. एकशे सहा झाकलेल्या मुठी माझ्या दुकानात येऊन उघडल्या, आणि कोणाचं घराणं बुडालं नाही.

काजलच्या सासरचे काय म्हणतील, हे तुझं शेवटचं हत्यार. घराण्यात आहे म्हणतील, साक्षगंध मोडतील. मोडू दे की! जी माणसं नवरीच्या आईच्या गाठीला घाबरतात, ती उद्या आपल्या सुनेला कशी सांभाळतील? बाबांनी आपल्यासाठी जलोदर म्हटलं, तू माझ्यासाठी टायफॉइड म्हटलंस, आता स्वतःसाठी काय म्हणणार, हातात लचक भरली? आणि उद्या काजलच्या अंगात काही निघालं तर ती कोणत्या फॉर्मवर काय लिहील? तिला माहीतच नसेल तर ती, नाही, असंच लिहील, माझ्यासारखं. हे मी होऊ देणार नाही. तू माझ्यावर कितीही राग धर, बोलणं टाक, लग्नात मला मानाची साडी देऊ नकोस. मी तुझ्यावर चिडले आहे आणि चिडूनच तुला वाचवणार आहे. मला एकच बहीण आहे आणि ती मला आठ मेच्या फोटोत हवी आहे, त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या फोटोंतही.

आता हे पत्र काहून लिहिलं ते सांगते. रविवारी काजल इथल्या मनीषनगरच्या तिच्या खोलीवरून शालूच्या ब्लाऊजचं माप द्यायला आली. मी टेप घेतला, तिनं हसत दोन्ही हात वर केले, आणि मला पुढे जाता येईना. जिच्या डोक्याची शपथ तू मला घातली होतीस, ते डोकं माझ्यासमोर होतं. मी टेप खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. आजीचं, माझं, तुझं. हो, शपथ मोडली. ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. मग म्हणाली, मावशी, शपथ माझीच होती ना? आणि आपला हात आपल्याच डोक्यावर ठेवून म्हणाली, सुटली. पुरी सव्वीस वर्षांचीही नाही, पण तुझ्या-माझ्यापेक्षा मोठी निघाली. तिथूनच तिनं तुझ्या होणाऱ्या जावयाला, ऋषिकेशला फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं. त्यानं विचार करायला दोन दिवस मागितले. काजल म्हणाली, तू चार घे, पण माझी आई थांबणार नाही, तिच्याजवळ तेवढे दिवस नाहीत. पुढे तो काय म्हणाला ते तिच्याच तोंडून ऐक, तो मान तिचा आहे. सोमवारी सकाळी नऊला इथल्या दवाखान्यात तुझा नंबर लावला आहे, आणि तुझ्या मागचा नंबर तिनं स्वतःचा लावला आहे, फॉर्मवर आजीचं नाव आणि आजीचा आजार लिहून. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, तिनंच तुझ्या हातात दिलं आहे, आणि आई शेवटच्या ओळीपर्यंत वाचत नाही तोवर तिथून हलायचं नाही असं मी तिला बजावलं आहे. तेव्हा मान वर कर ताई, ती समोर उभी आहे. भाऊजींना तू स्वतः सांग, तेवढं मी तुझ्यासाठी ठेवलं आहे. दोन साड्या पिशवीत भर, आणि निघायच्या आधी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तूही एकदा म्हण, सुटली. तुझा ब्लाऊज मी अजून कापलेला नाही. माप पुन्हा घ्यावं लागेल, तर पुन्हा घेईन.

दारात उभी राहून वाट पाहणारी,
तुझीच टायफॉइडवाली
उत्तरा